सोयीचं लग्न, आवडीचं लग्न

पंचेचाळिशीतल्या विधुराने दुसरं लग्न करायचं म्हटलं, तर नांदेड-लातूरकडे कोणी आडवं येत नाही. 'लेकरांकडं कोण बघणार? भाकरी कोण टाकणार?' असं म्हणत बहिणी-मेहुणेच स्थळं घेऊन येतात. त्याच वयाच्या विधवेने 'मला हा माणूस आवडलाय' एवढंच म्हणावं, की सुपारी कातरणारा अडकित्ता मध्येच थांबतो.

पुनर्विवाहाचं वावडं इथे सर्रास कधीच नव्हतं. उच्चवर्णीय घरं सोडली तर अनेक जातींत 'पाट' लागत होता. रात्रीच्या वेळी, वाजंत्रीशिवाय, पण लागत होता. खटकते ती आवड. नांदेडहून लातूरला जाताना लोहा सोडलं की माळेगाव लागतं. तिथल्या यात्रेत म्हाळसा असताना बानूवर भाळलेल्या खंडोबाची गाणी लोक रात्र रात्र ऐकतात. देवाला ते शोभतं. शेजारच्या मास्तरीणबाईंना मात्र नाही.

सोयीची सर्वांत मोठी परीक्षा किल्लारीच्या भूकंपाने घेतली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. हजारो माणसं मेली. कोणाचा नवरा उरला नाही, कोणाची बायको, कोणाची लेकरं. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. मागे उरलेल्यांनी मोडके संसार एकमेकांना जोडले, कधी नात्यातच. तेव्हा 'या वयात?' असं विचारायला कोणाला सवड नव्हती. दुःख मोठं असलं की समाजाचं मनही मोठं होतं. एरवी ते जरा हिशेबी असतं.

पुण्यात ११ मार्च १८९३ रोजी झालेलं लग्न सोय की आवड, याच अंगाने पाहण्यासारखं आहे. धोंडो केशव कर्वे विधुर होते. कुमारिका सहज मिळाली असती, पण विधवेशीच लग्न करायचं असं त्यांनी ठरवलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, त्यांनी लग्न लावलं. त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण त्या घरात पहिल्या बायकोचा अकरा वर्षांचा रघुनाथ होता, हे चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. गावाने वाळीत टाकलेल्या घरात नवी आई आलेली, पुढे धाकटे भाऊ झालेले. समाजसुधारकांच्या चरित्रांत या मुलाच्या बाजूला फार कमी ओळी मिळतात.

आजही मुलांना विचारणारं कोणी नसतं. त्यांची अडचण शाळेच्या फॉर्मवर उघडी पडते. विधवा आईने दुसरं लग्न केलं, तर मुलाचं आडनाव कोणतं? २०२२ साली आंध्रमधल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला: आडनाव तिने ठरवावं. नव्या नवऱ्याचं नाव कागदोपत्री 'सावत्र बाप' म्हणून लावा, असं उच्च न्यायालयाने सांगितलं होतं. ते जवळजवळ क्रूर आहे, असंही न्यायमूर्तींनी सुनावलं.

खरा पेच मात्र सातबाऱ्यावर आहे. १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर तसं राहिलं नाही; वारसाने नावावर आलेली जमीन पुन्हा लग्न केलं म्हणून जात नाही. भाऊबंदांना नेमकं हेच टोचतं. दुसऱ्या बाजूला, सावत्र बापाने कितीही जीव लावला तरी दत्तक घेतल्याशिवाय बायकोची आधीची मुलं याच कायद्यानुसार त्याची वारस ठरत नाहीत. त्यांना वाटा द्यायचा तर मृत्युपत्र करावं लागतं. त्याला साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीचीही सक्ती नाही. पण बैठकीत मानपानावर तासभर बोलणारे मामा-काका या कागदाचा विषय काढत नाहीत. तो लग्न करणाऱ्या त्या दोघांनाच काढावा लागतो, दोन्हीकडची मोठी झालेली लेकरं समोर बसवून.