सीट दिली गेली आहे

चारशे रुपयेच ते. पण अजून डोकं तापतं.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आईचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून पुणे-बंगळुरू विमानात तिच्यासाठी जादा पैसे भरून पुढची, कडेची सीट घेतली होती. त्या दिवशी काय झालं ते ठाऊक आहेच. एका सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. माझ्या फोनवर नेट ठणठणीत आणि काउंटरवरच्या मुली मात्र बॉलपेनने बोर्डिंग पास लिहीत बसलेल्या! नाव, विमानाचा क्रमांक, तारीख. सीटची जागा कोरी. "मिळेल तिथे बसा, आजी." आजींना मिळाली मागची, तीही मधली.

त्या मुलींवर राग नाही. पाणी प्यायलाही त्यांना उसंत नव्हती.

घरी आल्यावर विमान कंपनीकडे ते चारशे रुपये परत मागितले. उत्तर आलं, "आमच्या नोंदीनुसार आपल्याला निवडलेली सीट दिली गेली आहे." मी पासचा फोटो पाठवला. त्यावर सीटच लिहिलेली नाही, त्यामुळे तो पुरावा होत नाही म्हणे! फोन केला. "मॅडम, सिस्टिममध्ये तसं दिसत नाही." अहो, सिस्टिम बंद होती, तिला दिसणार कसं? "तक्रार नोंदवून घेते, मॅडम." दोन दिवसांनी तेच पत्र, शब्दही न बदलता. त्या गोंधळाच्या दुसऱ्याच दिवशी नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी सांगितलं होतं की पहाटे ३ पासून सगळं सुरळीत आहे. कागदोपत्री आमचंही सुरळीतच झालं.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते, हाताने लिहिण्याचे दिवसच बरे होते. विमानतळावर नोकरी केलेल्या मामेभावाने मला गप्प केलं. कुठल्या भागात किती माणसं, पोटात किती बॅगा, यावरून विमानाचा तोल मांडतात. तो तक्ता, म्हणजे लोडशीट, कॅप्टनच्या हाती पडल्याशिवाय विमान उडत नाही. हातानेही मांडता येतो, पण वेळ जातो. आमची हवाईसुंदरी पुन्हापुन्हा डोकी मोजत होती ती त्यासाठीच. म्हणजे यंत्र हवंच. मीही आता घरूनच वेब चेक-इन करते.

तरी एक सांगते. पुन्हा असा दिवस उजाडला, तर कोरा पास घेऊन पुढे सरकू नका. 'ठरलेली सीट दिली नाही' एवढं त्याच बॉलपेनने लिहून घ्या आणि खाली सही मागा.