बंडी चालते कशी?

संध्याकाळी धुऱ्यावरच्या निंबाला काटा टांगलेला असायचा. वेचणीच्या बाया आपापलं गाठोडं आकड्याला अडकवायच्या, सुई थरथरत थांबायची आणि बाबा वहीत लिहायचे: १८ किलो, २१ किलो. दव असताना वेचलेला कापूस भारी भरतो हे बायांनाही ठाऊक आणि बाबांनाही. त्यावर रोज थोडी हुज्जत व्हायची, थोडं हसू व्हायचं. वजन म्हणजे काय ते मला त्या निंबाखालीच कळलं होतं, असं मी धरून चाललो होतो.

मग विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं की किलो हे वजनाचं एककच नव्हे. किलो वस्तुमानाचं, वजन न्यूटनमध्ये मोजायचं. म्हणजे मायच्या २० किलोच्या गाठोड्याचं वजन १९६ न्यूटन. आमच्या गावात आजवर कुणी १९६ न्यूटन कापूस वेचला नव्हता. त्याहून मोठा घोळ पुढे होता. किराणा दुकानातला दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानाशी वस्तुमान ताडून बघतो, पण निंबाला टांगलेल्या काट्यातली स्प्रिंग फक्त खालची ओढ मोजते. चंद्रावर नेला तर तराजू तेच सांगेल, आणि काटा २० किलोच्या जागी सव्वातीनवर येऊन थांबेल. वेचणीची मजुरी किलोवर. चंद्रावर वेचायला गेलं तर मायची मजुरी सहाव्या हिश्शावर येईल, हा माझा पहिला निष्कर्ष. मायला सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘मंग कायले जातं तिकडं?’

दहावीपर्यंत हे सगळं निदान मराठीत होतं. चाल वेगळी, वेग वेगळा, त्वरण त्याहून वेगळं. पाठ करून का होईना, शब्द तोंडात बसले होते. अकरावीला यवतमाळात खोली करून राहिलो आणि पहिल्याच तासाला त्वरणाचं ॲक्सिलरेशन झालं, संवेगाचं मोमेंटम झालं. वर्गातली निम्मी पोट्टी आमच्यासारखीच, जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेली. सर बोलायचे ते आम्ही आधी मराठीत आणायचो, आणि ते वऱ्हाडीत उतरायच्या आत सर पुढच्या गणितावर गेलेले असायचे.

तरी खरी अडचण इंग्रजीची नव्हती, हे कळायला मला फार वर्षं लागली. अडचण अशी होती की पुस्तकातले शब्द माझ्याकडे रिकामे आलेच नव्हते. कार्य म्हणजे आमच्याकडे लग्नघरची धावपळ. बळ, जोर, ताकद, शक्ती हे बाबांच्या लेखी एकच, बैलाच्या अंगात असतं ते. पुस्तकात मात्र बल न्यूटनमध्ये, शक्ती वॉटमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये, आणि एकाचं दुसऱ्यात मिसळलं की गुण गेले. विस्थापन म्हणजे निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतची सरळ रेषा. दिवसभर हिंडून घरी परतलं की शून्य. पण आमच्या जिल्ह्यात हा शब्द धरणासोबत येतो. बाभूळगावकडे बेंबळा प्रकल्पात गावं उठली, त्यांचं पुनर्वसन झालं. जुन्या गावठाणापासून नव्यापर्यंत रेघ मारली तर भौतिकशास्त्राला थोडेच किलोमीटर सापडतील.

सगळ्यात जास्त राग आला तो कार्याचा. डोक्यावर ओझं घेऊन माणूस सपाट जमिनीवरून चालत गेला, तर ओझ्याचा भार पेलणाऱ्या बलानं केलेलं कार्य शून्य, कारण बल वर आणि जाणं आडवं. सरांनी फळ्यावर गोल शून्य काढलं. मला तासातून उठून जावंसं वाटलं. माय तेच तर करत होती; दर संध्याकाळी शेताच्या त्या टोकापासून निंबापर्यंत.

रात्री खोलीवर हिशोब मांडला. २० किलो जमिनीवरून डोक्यावर, म्हणजे दीड मीटर वर: २९४ ज्यूल. मग अन्नाच्या उष्मांकांचे ज्यूल केले. चहात टाकायची एक चमचा साखर, ५ ग्रॅम, तिच्यात सुमारे ८४ हजार ज्यूल. त्या एका चमच्यावर मायनं गाठोडं पावणेतीनशेहून अधिक वेळा उचलायला हवं होतं. ती तर दोन खेपांतच घामाघूम व्हायची. म्हणजे हिशोबात न आलेलं काहीतरी मायच्या अंगात चाललं होतं. ते नंतर कुठल्याशा जाड पुस्तकात सापडलं. ओझं पेलणारा स्नायू लाकडाच्या मेढीसारखा निवांत नसतो. त्यातले तंतू सारखे आखडतात, सैल होतात, पुन्हा आखडतात, आणि त्या खटाटोपाची सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. गाठोड्यावरचं कार्य शून्य होतं, मायचं नव्हतं. फळ्यावर ‘कोणावर’ हे लिहायचं राहिलं होतं, एवढंच.

बंडीचं कोडंही याच ‘कोणावर’मध्ये अडकलेलं होतं. न्यूटननं १६८७ साली मांडलेला तिसरा नियम आम्हाला घोकून पाठ: क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया. सरांनी इंग्रजी पुस्तकातली घोडागाडी काढली. मी वहीत घोड्याच्या जागी बैल काढले आणि थांबलो. बैल बंडीला जेवढ्या बळानं ओढतो, तेवढ्याच बळानं बंडी बैलाला मागे ओढत असेल तर बेरीज शून्य. मग बंडी चालते कशी? सरांना विचारलं. उत्तर आलं, ‘हे परीक्षेत येत नाही.’ ते खरंही होतं.

भादव्यात एका शनिवारी घरी गेलो तर खताची बंडी नाल्याजवळच्या गाळात फसलेली. आमची काळी कापसाची जमीन पाण्यानं फुगते आणि साबणासारखी होते. चाकाच्या अर्ध्या आऱ्या आत. मी पँट वर करून चाकाला खांदा लावला आणि रेटा देत राहिलो. बाबांनी चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. ते विळा घेऊन पळसाच्या फांद्या तोडायला गेले आणि त्या बैलांच्या खुरांखाली अंथरायला लागले. मला म्हणाले, ‘चाकाकडं काय पाह्यतं? बैलाले पाय रोवाले जागा कर.’

फांद्यांवर खूर रुतले, बैलांनी माना खाली घातल्या, आणि बंडी आवाज करत गाळाबाहेर आली.

वहीतल्या चित्रात मी बैल काढले होते, बंडी काढली होती. जमीन काढलीच नव्हती. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे रेटते. तिथे बाहेरचा जोर येतो, आणि गाळात तोच येत नव्हता. राहिली बैलाची ओढ आणि बंडीची उलटी ओढ. त्या सारख्याच, पण एक बंडीवर आणि दुसरी बैलावर. दोन वेगळ्या अंगांवरच्या गोष्टींची बेरीज करून मी शून्य काढत होतो. शेजाऱ्याच्या कर्जातून आपली उधारी वजा करावी तसं. बंडी बैलाला मागे ओढते याचा पुरावा तर आम्ही दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तळहातानं चोळत होतो. खांदेमळणीला हळद-लोणी लावतात ते जुवाखाली दाठरलेल्या त्याच जागेला.

पुढे वाचनात आलं की १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या भाषेतल्या प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात आकडेमोड नाही. ट्रक आणि छोटी कार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, अशा धाटणीचे प्रश्न. गणितं धडाधड सोडवणारी मुलं इथे सर्रास ट्रक म्हणाली. हार्वर्डच्या एरिक माझूरनी अशीच चाचणी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं म्हणतात की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू, की मला वाटतं तशी? हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. यवतमाळातल्या खोलीवर हा प्रश्न मला कुणी उसना दिला असता तर दोन वर्षं सोपी गेली असती.

वर फेकलेल्या गोट्याचं उत्तर मात्र मला अजून पुरतं पचलेलं नाही. सर्वांत वरच्या क्षणी त्याचा वेग शून्य, त्वरण तरीही ९.८. आम्ही म्हणायचो, हातानं दिलेला जोर सरला की गोटा खाली येतो. वर जाताना त्याच्यावर वर नेणारं बल नसतंच, हे मान्य करायला मन तयार होईना. नंतर कळलं की सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस जवळजवळ हेच म्हणत होता, आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदाननं त्याचीच रीतसर मांडणी केली. गोटे मारून बोरं पाडणारी आमची टोळी फार वाईट संगतीत नव्हती.

पौषात घरी जायचं तर यवतमाळहून शकुंतला. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी मूर्तिजापूरपर्यंतचे ११३ किलोमीटर दिवस काढत जायची. वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं तरी तिची चाल काही सुधारली नाही. एकदा खिडकीशी बसून मी बोर वर उडवत होतो. फूटभर वर जाऊन परत हातात. मनात हिशोब असा की फूटभर वर गेलं तर ते अर्धा सेकंद हवेत असणार, आणि तासाला २० किलोमीटर धरले तरी तेवढ्यात गाडी पावणेतीन मीटर पुढे सरकते. मग ते मागच्या बाकावर का पडत नाही? पुन्हा उडवलं. पुन्हा हातात. कुठल्याशा स्टेशनाआधी गाडीनं ब्रेक लावला, तेव्हा बोर माझ्या हाताला चुकवून पुढे गेलं आणि समोरच्या म्हातारीच्या लुगड्यात पडलं.

तिनं ते पदराला पुसलं, तोंडात टाकलं आणि विचारलं, ‘अजून हाय का रे?’