अम्मीचा डबा आणि माझी ३६ मिनिटं

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच अम्मीचा फोन आला, "शाळेतून परस्पर इकडे ये. एकटी ये." मी घाबरतच माहेरी गेले. अम्मीनं दार लावलं, तुरीच्या डाळीचा डबा खाली काढला, डाळीत कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुडकं माझ्यासमोर ठेवलं. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

आम्ही दोघींनी मोजले. ३१,५०० रुपये निघाले, आणि सगळ्या नोटा पाचशे-हजारच्याच.

माझे अब्बा शिंपी होते. लातूरला एका गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. रमजानात चाँदरातीपर्यंत मशीन चालायचं आणि आम्हा भावंडांचे कपडे सगळ्यांत शेवटी, कधी कधी ईदच्या पहाटे शिवून व्हायचे. आठवड्याचे पैसे अब्बा अम्मीच्या हातात देत. ती किराण्याची यादी करण्याआधीच त्यातली एक नोट बाजूला काढत असे. पीठ मळण्याआधी मूठभर पीठ बाजूला ठेवावं, तसं. "उरलेलं ठेवू म्हटलं तर काहीच उरत नाही," हे तिचं अर्थशास्त्र. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या बाईनं ते स्वतःच शोधून काढलं होतं.

"एवढे पैसे कशासाठी, अम्मी?"

ती म्हणाली, हाजी अलीला जायचं होतं. अब्बांबरोबर. समुद्र बघायचा होता.

अब्बांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

नोटा भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. अम्मीला घेऊन मी बँकेच्या रांगेत उभी राहिले. तिनं उर्दूत सही केली आणि पैसे खात्यात जमा झाले. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी, माझा भाऊ आणि अम्मी रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेलो. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट समुद्रातून जाते आणि भरतीच्या वेळी पाण्याखाली बुडते, म्हणून आम्ही ओहोटीची वेळ विचारून गेलो होतो. वाट कोरडी होती. पण अम्मीचे गुडघे संपले होते. थोडं अंतर चालून ती थांबली आणि म्हणाली, "बस, इथूनच." तिथूनच तिनं फातेहा पढली. अर्धा तास पाण्याकडे बघत बसली आणि आम्ही परत फिरलो.

परतीच्या गाडीत मी खर्चाचा हिशोब वाचून दाखवला. तिकिटं, टॅक्सी, एका रात्रीची लॉजची खोली, जेवण, सगळं मिळून ६,८४० रुपये. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इत्तेच पैसे लगे? फिर इत्ते साल कायकू रखी मैं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती दर रमजानात ते पुडकं काढून मोजायची, जकात काढायची आणि पुन्हा डाळीत पुरायची. म्हणजे पैसे किती झाले, हे तिला दर वर्षी कळत होतं. पुरेसे झाले का, हे मात्र तिनं कधी विचारलं नाही. गुडघे चांगले असताना, अब्बा हयात असताना, कितीतरी वर्षं आधी ते पुरेसे झाले होते.

हे सांगताना मी शहाणी असल्याचा आव आणणार नाही. मी अम्मीचीच मुलगी आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्या शिक्षकांना जुनी पेन्शन नाही. म्हातारपणाची धास्ती आम्हाला पहिल्या पगारापासूनच चिकटलेली असते. म्हणून मी शाळा, घर, स्वयंपाक आटोपून रात्री उर्दू-मराठी भाषांतराची कामं घ्यायचे. निकाहनामे, जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं. पानावर पैसे मिळत. ते प्लॉटच्या हप्त्यात जात. रात्री अकराला दिवा मालवताना वाटायचं, आज काहीतरी कमावलं.

गेल्या वर्षी रमजानात जकातीचा हिशोब करायला बसले. आपल्याकडे हिशोब सोपा आहे. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, एवढ्या किमतीची मालमत्ता गरजा भागून वर्षभर शिल्लक राहिली, तर तिचा अडीच टक्के हिस्सा द्यायचा. माझ्या वहीत पै न् पै लिहिलेली होती. वही बंद करून फडताळात ठेवताना एक पुस्तक हाताला लागलं. पाच वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं विकत घेतलं होतं. त्याचं प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा निघालं नव्हतं.

त्याच कागदाच्या कोपऱ्यात मी सहज एक गणित केलं. दिवसाची मिनिटं १४४०. त्याचे अडीच टक्के म्हणजे ३६.

ही जकात नाही, हे आधीच सांगते. जकात स्वतःला देता येत नाही आणि वेळेवर ती लागूही नाही. हे केवळ एका मास्तरणीचं गणित आहे. पण ते सुटल्यावर मला धक्का बसला. पैशांचा हिस्सा मी दर वर्षी न चुकता काढत होते. स्वतःसाठी दिवसाची ३६ मिनिटं मात्र कधीच काढली नव्हती. आराम म्हणजे गुन्हा आणि रिकामं बसणं म्हणजे नाशुक्री, असं माझ्या मनानं धरलेलं होतं.

आपल्याकडची सलमान फारसी आणि अबू दरदा यांची हकीकत तुम्हाला ठाऊक असेल. अबू दरदा दिवसा रोजा ठेवत, रात्रभर नमाज पढत. घरच्यांकडे त्यांचं लक्षच उरलं नव्हतं. सलमान पाहुणे म्हणून आले. त्यांनी यजमानांना आग्रहानं जेवायला लावलं, रात्री झोपायला लावलं आणि पहाटे उठवून दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावलं की रबचा हक्क आहे, तसा स्वतःच्या जिवाचा आणि घरच्यांचाही हक्क आहे. गोष्ट पैगंबरांपर्यंत गेली आणि त्यांनी सलमान यांचं म्हणणं खरं ठरवलं. वर्गात ही हकीकत मी किती वेळा सांगितली असेल! इबादतीतसुद्धा जिथे जिवाचा हक्क बुडवायचा नाही, तिथे माझे प्लॉटचे हप्ते कोण?

मग मी अम्मीचाच नियम उलटा लावला. उरलेली ३६ मिनिटं नाही, आधी बाजूला काढलेली. असर ते मगरिबच्या मधली. या वेळात वह्या नाहीत, निकाहनामे नाहीत, मोबाइल नाही. मी गच्चीवर पुस्तक घेऊन बसते, कधी मुलीबरोबर फिरून येते, कधी नुसती चहा पीत बसते.

याची किंमत आहे आणि ती मी मोजली. मोकळी राहिलेली घरकामं रात्रीवर गेली, म्हणून भाषांतराची कामं कमी करावी लागली. महिन्याला साधारण दीड हजार रुपये कमी आले. यजमानांनी कागदावर मांडून दाखवलं की प्लॉट फिटायला जवळजवळ एक वर्ष जास्त लागेल. त्यांचं गणित बरोबर होतं. मी म्हटलं, लागू दे. सासूबाई सुरुवातीला विचारायच्या, "वर बसून करतेस काय?" आता कधी कधी त्याच चहा घेऊन वर येतात. काही दिवस ३६ मिनिटं हुकतातही. परीक्षेच्या दिवसांत तर सर्रास.

एक हिशोब सांगायचा राहिला. अम्मी २०१९ मध्ये गेली. तिच्या खात्यात मुंबईचा खर्च वजा जाता तिच्या बचतीचे २४,६६० रुपये होते. वर आलेलं व्याज तिच्या इच्छेप्रमाणे वेगळं काढून गरजूंना दिलं. वारसाहक्कानं भावाचे दोन हिस्से, माझा एक. माझ्या वाट्याला ८,२२० आले. अम्मीची आठवण म्हणून मी ते वेगळे ठेवून दिले. पाच वर्षं त्यांना हात लावला नाही. ३६ मिनिटांचं गणित सुटल्यावर कुठे माझ्या ध्यानात आलं की मीही तेच करत होते. फक्त डाळीच्या डब्याऐवजी बँक होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन मुंबईला गेले. ओहोटी होती. आम्ही दोघी ती वाट शेवटपर्यंत चाललो. अम्मी जिथे थांबली होती, ती जागा मी मुलीला दाखवली. परतीच्या गाडीत हिशोब केला. सगळा खर्च अम्मीच्या पैशांत भागला, वर ९१० रुपये उरले. मुलीनं विचारलं, "याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "कशासाठी ते आधी ठरव. आणि कधी, तेही लिही."