वाऱ्याच्या गावातील बालवाड्या

परदेशी निघालेल्या कुटुंबाच्या सामानाचे वजन घरात दहादा होते. कुकर, भाजणी, मेतकूट, मुलांचे लोकरीचे कपडे, सारे काट्यावर चढते. मात्र घरातील सुनेने मिळविलेली विद्या परमुलुखात किती भरेल, याचा विचार बहुधा तेथे पोहोचल्यावरच सुरू होतो. आमच्या बडोद्यातील पुष्कळ मराठी घरांतून आता कोणी ना कोणी बाहेर गेलेले आहे, आणि त्यांत बालशिक्षणाचे काम केलेल्या मुलीही आहेत. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे २०२३ साली आम्ही उभयतांनी सहा महिने काढले. चिरंजीवांची तेथे नोकरी, सूनबाई बालशिक्षिका आणि नात चार वर्षांची. त्या मुक्कामात जे पाहिले ते अशा कुटुंबांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

वेलिंग्टन ही त्या देशाची राजधानी असली तरी प्रथमदर्शनी ती कोकणातील एखाद्या बंदरासारखी भासते. मधोमध निळे आखात, भोवती डोंगर आणि उतारावर चिकटून बसलेली लाकडी घरे. बाजारपेठेतून वरच्या केलबर्न वस्तीकडे १९०२ सालापासून केबल कार चढते-उतरते. वारा मात्र असा की छत्री उघडणे हा शुद्ध अविचार ठरावा. या वाऱ्यात शेंबडी, गुबगुबीत पोरे अनवाणी हिंडताना पाहून आमच्या घरच्या मंडळींचा जीव खालीवर होई. बालवाडीत गेलो तर तीच तऱ्हा. पाऊस पडू लागला की मुलांना आत ओढण्याऐवजी त्यांच्या पायांत गमबूट चढवून बाहेर सोडीत. कोणी वाळूत कालवा खणतो आहे, कोणी खरी हातोडी घेऊन खरा खिळा ठोकतो आहे आणि बाई शेजारी बसून नुसत्या पाहत आहेत! पाटी नाही, बाराखडी नाही, रांग नाही. बहुतेक मुले पाचव्या वाढदिवसानंतर शाळेत जातात. तोवर अक्षरांची घाई कोणालाच नसते.

ही पद्धत एका दिवसात आलेली नाही. तेथील पहिली बालवाडी १८८९ साली दक्षिणेकडील डनीडिन येथे निघाली. महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, वेलिंग्टनमधल्या मातांनी एकत्र येऊन स्वतःच चालविलेली ‘प्लेसेंटर’ सुरू केली. पुढे १९८६ साली सरकारने पाळणाघरांचा कारभार समाजकल्याण खात्याकडून काढून शिक्षण खात्याकडे दिला. म्हणजे मूल सांभाळणे आणि शिकविणे ही दोन कामे नसून एकच आहे, हे मान्य केले. १९९६ साली ‘ते फारिकी’ नावाचा अभ्यासक्रम आला व २०१७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. ‘फारिकी’ म्हणजे माओरी भाषेत विणलेली चटई. स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध हे तिचे पाच धागे. प्रत्येक बालवाडीने आपापल्या मुलांना पाहून आपली चटई विणावी, अशी कल्पना आहे. तेथे मुलांना गुण देत नाहीत. मुलाने काय केले याची छोटी गोष्ट लिहून, छायाचित्र लावून ती घरी दाखवितात.

हे ऐकताना आम्हांस आपल्याकडील माणसे आठवत होती. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याजवळ बालशिक्षणात रमल्या, १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. शाळेने मुलाकडे जावे, हा विचार मराठी-गुजराती भूमीला परका नाही. आमच्या सूनबाई त्याच परंपरेत वाढलेल्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची बालविकास विषयातील पदवी आणि शहरातील एका बालवाडीतील आठ वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

पण परमुलुखात परंपरेला कागद लागतो. तेथे पदवीची तुलना सरकारी पात्रता संस्थेकडून करून घ्यावी लागते. शिक्षक म्हणून नोंदणीचा निर्णय मात्र शिक्षक परिषदेचा असतो. मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी २०१४ च्या कायद्याने आवश्यक केली असून, परदेशातील वास्तव्याचा पोलिसी दाखलाही नोंदणीसाठी मागतात. सूनबाईंची पदवी तेथील पदवीच्या तोडीची ठरली. परंतु ते शिक्षक-प्रशिक्षण नव्हे, असा निकाल मिळाला. म्हणजे एक वर्षाचा पदव्युत्तर शिक्षण-पदविका अभ्यासक्रम करणे आले. “बाबा, आठ वर्षे मुलांची नाके पुसली, ती काय अशीच?” असे त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा बराच वेळ जळत होता.

दरम्यान कामाचा शोध चालूच होता. एका केंद्राने अर्जाला उत्तर दिले नाही. दुसऱ्याने ‘येथला अनुभव नाही’ म्हणून वाट दाखविली. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र सर्वच नवागतांना भोवते. त्यातून वाट निघाली ती बदली कामाची. कोणी शिक्षिका आजारी पडली की सकाळी साडेसहाला फोन येई आणि आठला त्या केंद्रावर हजर व्हावे लागे. आज हट खोऱ्यात, उद्या डोंगरावर. आम्ही नातीचे डबे, दूध आणि वेणीफणी सांभाळीत असू.

तेथील रीतीही शिकाव्या लागल्या. खाण्याच्या टेबलावर बसू नये, मुलाच्या डोक्यावरून खाद्यपदार्थ नेऊ नये, ताटे पुसायची फडकी इतर कपड्यांत धुऊ नयेत. हे माओरी आचार ऐकून आमच्या घरच्या मंडळी म्हणाल्या, “अगंबाई, हे तर आपल्या आजेसासूबाईंचे सोवळे!” हे शिस्तीचे पाठ सूनबाईंना मुळीच जड गेले नाहीत.

एका केंद्रावर तीन वर्षांचा एक मुलगा चार दिवस अखंड रडत होता. त्याचे शब्द कोणास कळत नव्हते. सूनबाई बदलीवर गेल्या आणि त्यांना ते लगेच उमगले: तो गुजरातीत ‘बा’कडे नेण्याची विनवणी करीत होता. नवसारी-सुरतेकडील गुजराती कुटुंबे त्या देशात कित्येक पिढ्यांपासून आहेत. हा मात्र नुकताच आलेला. सूनबाईंनी त्याला मांडीवर घेऊन बडोद्याच्या गुजरातीत चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली. केवळ याने नोकरी मिळाली असे नव्हे. पण पुढे त्या केंद्राचा फोन सर्वांत आधी येऊ लागला, आणि पदविकेच्या काळात त्यांनीच शिफारसपत्र दिले. २०२४ च्या अखेरीस पदविका पूर्ण होऊन तेथेच त्या कायम झाल्या. पूर्ण प्रमाणपत्रापूर्वी दोन वर्षे अनुभवी शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली काम करावयाचे असते, ते सध्या चालू आहे.

जाणाऱ्या मुलींना आमचे सांगणे थोडके आहे. विद्यापीठातून विषयवार तपशिलासह गुणपत्रके निघण्यापूर्वीच घ्यावीत. तेथून मागविणे फार कष्टाचे होते. बालवाडीच्या संचालकांकडून अनुभवपत्रात मुलांचे वय आणि कामाचे स्वरूप लिहून घ्यावे. पोलिसी दाखला व इंग्रजीची परीक्षा यांची चौकशी आधी करावी. पतीबरोबर मिळालेल्या परवान्यात नोकरीची मुभा आहे काय, हे डोळ्यांनी वाचून पाहावे. नियम बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये. आणि एक वर्ष पुन्हा विद्यार्थी होण्याइतके पैसे व धीर गाठीस ठेवावा.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९८२ साली वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता येथे माओरी लोकांनी पहिले ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, उघडले. मुलांच्या तोंडून आपली भाषा नाहीशी होत आहे हे पाहून त्यांनी वृद्धांना बालवाडीत आणून बसविले. पाच वर्षांनी माओरी ही त्या देशाची अधिकृत भाषा झाली. पिढ्यान् पिढ्या गुजरातेत राहून मराठी जपणाऱ्या आम्हांस यातील मर्म कोणी समजावून सांगावे लागले नाही. त्या मुक्कामात रोज संध्याकाळी अर्धा तास नातीशी केवळ मराठीत बोलण्याचा नेम आम्ही धरला. आता तो दूरध्वनीवर चालतो. येथे दुपारचे बारा होतात तेव्हा तिकडे दिवेलागण होत असते. परवा तिने आम्हांस विचारले, “आजोबा, वाऱ्याला मराठीत अजून काय म्हणतात?” आम्ही पवन, समीर, झुळूक असे सांगत गेलो. वेलिंग्टनच्या वाऱ्याला त्यांतले एकही नाव शोभत नाही, हे तिनेच आम्हांस सुनावले.