मागं घेतलेले शब्द

भाच्याला दोन वर्षं मी जे ऐकवत आलो, त्यातलं बरंचसं आज मागं घेतोय.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी नोकरीला आहे. पंचतारांकित म्हटलं की पाहुण्यांना हॉटेल आठवतं. आमच्या अंगाला मात्र फौंड्रीच्या वाळूचा वास. माझ्याकडं पॅटर्नचं, म्हणजे वाळूत साचा उठवायच्या लाकडी नमुन्याचं काम. आम्ही ओततो ते ब्रेक ड्रम आणि हाउसिंग गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. अशा माणसाला पडद्यावर पळणाऱ्या गाडीचं कौतुक कुठून असणार? जिला वजन नाही ती गाडीच नव्हे, हे माझं ठाम मत.

भाचा डिप्लोमाला, राहायला आमच्याकडंच. रात्री रेसिंगची गेम, आणि वहीच्या मागच्या पानावर एक यादी. गेममध्ये कुठल्या गाड्या याव्यात, त्याची. मी न वाचताच ठरवून टाकलं की सगळ्या कोटीतल्या असणार. "बापाची मोटरसायकल अजून हप्त्यावर हाय, आणि तू फेरारी माग," असं मी चारचौघांत बोललोही.

एकदा सुट्टीला वही हातात आली. जिप्सी. कॉन्टेसा. जुनी टाटा सिएरा. अँबॅसिडर. मारुती ८००. ओमनी. फेरारी एकही नाही.

"फेरारी गेममध्ये हाईच की मामा. जी नाही ती मागायची. ग्रॅन टुरिस्मोत स्विफ्टबी हाय, पण ती तिकडची स्पोर्ट. आपल्या दारातली न्हवं."

तरी मी हसलो. शर्यतीत ओमनी कशाला? त्यावर तो जे बोलला ते माझ्या मनातून जाईना. "फेरारी वळणावर कशी वागती मला काय ठाऊक? गेम दाखवंल ते खरं मानायचं. ओमनी खोटी चालवली तर मी लगेच पकडीन."

हे तर आमच्या इन्स्पेक्शनचं बोलणं झालं. हातात गेज असेल तरच जॉब पास का नापास ते सांगता येतं. फेरारीचं गेज आमच्या घरात कुणाकडंच नाही. ओमनीचं आहे: घाटात भरून नेलेली, पावसात घसरलेली. पोरगं श्रीमंती मागत नव्हतं, ज्याची खात्री स्वतःला करता येईल ते मागत होतं.

मग मी खोदून विचारायला लागलो. गेममधली गाडी मनानं काढत नाहीत. खरी गाडी समोर उभी करून शेकडो फोटो घेतात, लेसरनं मापं काढतात, इंजिनाचा आवाज माईक लावून टिपतात. वर गाडीच्या कंपनीची परवानगी लागते. म्हणजे आमच्यासारखंच: सँपल नाही, ड्रॉइंग नाही, तर पॅटर्न नाही. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना साधारण १ टक्का आटतं म्हणून आम्ही पॅटर्न तेवढा वाढवून करतो. ओळखीच्या गाडीचं बॉनेट तेवढं चुकलं तरी भाच्याच्या डोळ्याला खुपतं.

२०१७ साली जिनिव्हाच्या मोटर शोत टाटांनी रेसमो नावाची छोटी स्पोर्ट्स कार दाखवली आणि ती फोर्झा होरायझन ३ या गेममध्ये येणार असं जाहीर झालं. दिसायला देखणी. पण कारखान्यातून ती रस्त्यावर आलीच नाही. आपल्या देशाची म्हणून जी गाडी पुढं केली, ती आपल्यातल्या कुणी चालवलेलीच नव्हती. ती खरी चालते का खोटी, हे सांगणार कोण?

आणि ज्या चालवल्या, त्या चालल्या भंगारात. अँबॅसिडर आणि मारुती ८००, दोन्हींचं उत्पादन २०१४ ला थांबलं. मी घडवलेला एक सागवानी पॅटर्न, जॉब बंद झाल्यावर, थंडीच्या दिवसांत शेकोटीत गेला. पुढं त्याच भागाची चौकशी आली तेव्हा मापं घ्यायला तुटका तुकडासुद्धा उरला नव्हता. भाच्याच्या यादीकडं आता मी त्या नजरेनं बघतो. धड अवस्थेतली गाडी कुठंतरी उभी आहे, तोवर मापं घ्या, एवढंच ती यादी म्हणते.

परवा पेन्सिलीनं मीही खाली एक नाव लिहिलं: बजाज टेंपोची ट्रॅक्स, वडापची.

"मामा, टॉप स्पीड किती धरायचा?"

"स्पीड मरू दे. आत चौदा माणसं, मागं दोघं लोंबकळत, कागल ते मुरगूड. ब्रेक किती आधी दाबावा लागतो, ते बरोबर दाखवलं तर मी पास करीन."

तासाभरानं गेम बंद कर, हे मात्र मी अजून सांगतो. तेवढं मागं घेतलेलं नाही.