एकाच टाक्याची

पायानं चालवायची ही शिलाई मशीन दिसायला काळी, ठेंगणी आणि अंगानं भरीव. मानेवर सोनेरी वेलबुट्टी, उजव्या कुशीला चकाकतं चाक, खाली लोखंडी पाय. येतो तो एकच टाका, सरळ. पिको, काजं, नक्षी यांतलं काही तिच्या गावीही नाही. तरीही वाशीम जिल्ह्यातल्या धनजसारख्या गावात एखादीनं शिवणकाम शिकायचं मनावर घेतलं आणि हाती पैसे बेताचेच असले, की जाणती माणसं हिचंच नाव काढतात. त्यात काटकसर आहेच, पण त्याहून जास्त आहे तो हिच्या स्वभावावरचा भरवसा.

हल्ली तिला एक सवत आहे. पांढरी, हलकी, विजेवर चालणारी, पोटावर टाक्यांच्या चित्रांची चकती मिरवणारी. मोबाईलवर ती फार देखणी दिसते.

"बटन दाबलं का चालते थे," नवरा म्हणतो.

"अन् लाईन गेली म्हंजे?" सासू विचारते.

पांढरीवर अन्याय नको. शहरातल्या दोन खोल्यांत ती कपाटात मावते, झिगझॅग घालते, काजं करते, हौसेची फ्रॉकं देखणी शिवते. पण तिच्या चकतीवरच्या वीस टाक्यांपैकी शिकणाऱ्या बाईला रोज लागतो तो एकच. उरलेल्या एकोणीस टाक्यांचे पैसे तिनं आधीच मोजलेले असतात. वर गोधडीचे चार पदर पुढ्यात आले की ती कण्हते, आणि आत काही तुटलं तर तिला गाडीत घालून शहर गाठावं लागतं. काळीचं पोट मात्र उघडं पुस्तक आहे. चार स्क्रू सोडवले की सगळं समोर. सुई, बॉबिन, बॉबिन केस, पट्टा या तिच्या किरकोळ गरजा जवळच्या कारंज्याच्या बाजारात भागतात. तिचं दुखणं ओळखणारा मेकॅनिकही पंचक्रोशीत सापडतो.

घराणं तिचं मोठं आहे. सुईचं नेढं टोकाशी आणि टाका दोन दोऱ्यांचा, अशा मशीनचं पेटंट अमेरिकेत घेतलं ते एलियास हाव यानं. ते साल १८४६. तो टाका घरोघरी पोचवला आयझॅक मेरिट सिंगरनं. त्याचं पेटंट १८५१चं, आणि मशीन हप्त्यांवर विकायची चालही त्याच्या कंपनीनं त्याच दशकात पाडली. आज बचत गटातून कर्ज काढून मशीन घेणाऱ्या बाईला ती चाल परकी वाटायची नाही. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका संवादात शिलाई मशीनला आपल्या टीकेतून वगळलं होतं. बायकोला हातानं शिवताना होणारा त्रास सिंगरला बघवेना म्हणून त्यानं हे यंत्र केलं, असं ते म्हणाले. गोष्ट गोड आहे. खरा सिंगर मात्र फिरता नट होता, त्याचे संसार अनेक आणि मुलं वीसहून जास्त. काळीला या भानगडींशी कर्तव्य नाही. १९३०च्या दशकात कलकत्त्यात 'उषा' मशीन आली, पुढे लुधियानात कारखान्यांची रांग लागली, आणि ती पुरती इथली झाली.

तिला घ्यायला जाताना पिशवीत आपलं कापड न्यावं. दुकानदार दाखवतो तो कडक, खळ घातलेला तुकडा. त्यावर कुठलीही मशीन गुणी वाटते. आपण न्यावा जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा आणि जाड कापडाची चार पदरी घडी. वर लाल दोरा ओवायचा, खाली बॉबिनमध्ये पांढरा. वीतभर शिवण घालून कापड उलटायचं. वरून नुसता लाल, खालून नुसता पांढरा दिसला तर दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसली आहे, म्हणजे मशीन ताळ्यावर आहे. खालच्या अंगाला लाल ठिपके डोकावले तर वरचा ताण सैल. वर पांढरे उमटले तर वरचा ताण जास्त. दुकानदारानं पेच फिरवून ते जाग्यावर आणून दाखवावं. नाहीच आलं, तर पिशवी उचलावी.

जुनी घ्यायची तर आणखी चौकशी. दोरा काढून नुसतं चाक फिरवायचं. मध्येच अडलं तर आत झीज किंवा गंज. सुईचा दांडा चिमटीत धरून हलवायचा. डुगडुगला तर राम राम. कापड पुढे सारणाऱ्या दात्यांवरून बोट फिरवायचं. बोथट झाले असतील तर कापड जागीच घुटमळणार. रंग उडालेला असला, वेलबुट्टी पुसलेली असली, तरी तिकडे काणाडोळा करावा. पुसलेली वेलबुट्टी म्हणजे बरीच वर्षं कुणाचा तरी हात तिच्यावरून फिरलेला आहे.

घरी आली की पहिले काही दिवस ती शिकणारीचा अहंकार उतरवते. चाक आपल्याकडे फिरलं पाहिजे हा तिचा पहिला नियम. आधी हातानं अर्धा फेरा द्यायचा, मग पायडलवर टाच आणि चवडा आळीपाळीनं. पायाचा ताल चुकला की चाक उलटं फिरतं, आणि उलटं चाललेलं तिला खपत नाही: खाली दोऱ्याचा गुंता करून ती थांबते. म्हणून शिकवणाऱ्या बाया आधी दोराच ओवू देत नाहीत. वहीचा रेघांचा कागद सुईखाली धरायचा आणि रेघेवर भोकं पाडत जायचं. भोकं रेघ सोडून भरकटली की कागदच ओरडून सांगतो. विजेची मशीन पाय दाबला की पळत सुटते. ही आपण चालू तेवढीच चालते. नवशिकीला हेच हवं असतं. कापड जरा ओढलं की सुई वाकवणं, सुईची सपाट बाजू चुकली की टाके सोडणं, या तिच्या शिक्षा. रागावते लगेच, पण कारणाशिवाय रागावत नाही.

तिच्या मागण्या तशा थोड्या. दात्यांखाली साचलेला कापसाचा भुगा काढायचा आणि मशीनचंच पातळ तेल थेंब थेंब सोडायचं; खोबरेल घातलं तर थंडीत ती आखडून बसते. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडतो, तो जरासा कापून तारेच्या कडीनं पुन्हा जोडायचा. एवढं केलं की सोयाबीन निघेपर्यंत तक्रार नाही.

कमाईचं वेळापत्रक ती गावाकडूनच शिकते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा गणवेशांची उसवलेली शिवण आणि आखूड झालेल्या चड्ड्या. दिवाळीला परकर, झबली. लग्नसराईत अस्तराची ब्लाउजं. निंदणाच्या दिवसांत मालकीणच शेतात, तेव्हा ती चादर पांघरून पडून राहते आणि त्याबद्दल रुसत नाही. या कमाईला सरकारी हातभारही आहे: सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर त्यात मिळतं. पण योजना आहे ती या धंद्यात हात बसलेल्यांसाठी. रेघेच्या कागदावर भोकं पाडणारीला आधी हात बसवावा लागतो, आणि तो काळीवर स्वस्तात बसतो.

पुढे दोन पैसे सुटले की दारावर 'पिको फॉल करून मिळेल' ही पाटी लागते आणि त्यासाठी वेगळी मशीन घरात येते. कधी काळीलाच मोटर बसते. मोटर लागली तरी पायडल काढू द्यायला सासू तयार नसते. लाईनीचा प्रश्न तिच्या लेखी अजून मिटलेला नाही. दुसरी मशीन हौसेनं घ्यावी, कर्जानं घ्यावी, योजनेतून घ्यावी. पहिली मात्र अशी असावी, की ती बिघडली तर जवळच्या माणसाला कळावं आणि आपण चुकलो तर आपल्याला.