जुन्या वाचकाला दिलेला शब्द

संहिता एकदा प्रसिद्ध झाली की तिच्यावर एकट्या लेखकाचा अधिकार राहत नाही, हे आम्ही गेली अठरा-वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. या सिद्धान्ताची कठोर परीक्षा साहित्याइतकीच संगणकाच्या प्रणालीतही होते, हे मात्र आम्हांला अलीकडे उमगले.

त्याला निमित्त झाले एका दिवंगत सहकाऱ्याच्या प्रोग्रामचे. टंकलिखित संहितांमधील शब्दांची वारंवारिता मोजणारा हा छोटा प्रोग्राम त्याने २००५ च्या सुमारास लिनक्सवर लिहिला होता. त्याचा सोर्स कोड आज कुठेही नाही. उरली आहे ती बायनरी; यंत्राला कळणारी, पण माणसाला सहजी वाचता न येणारी प्रत. आमच्यासारख्यांना ती दुरुस्त करता येत नाही, फक्त चालवता येते. आणि सोबत ३२-बिट लायब्ररी बसवली की आजच्या यंत्रावरही ती चालते! ती का चालते, हा प्रश्न आम्हांला स्वस्थ बसू देईना.

फाइल उघडणे, स्मृतीतील मजकूर हलवणे, वेळ विचारणे ही कामे लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम ग्नू सी लायब्ररीकडून, म्हणजे ग्लिबसीकडून, करवून घेतात. प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातील करार दोन पातळ्यांवर असतो. सोर्स कोड हाताशी असेल, तर पुन्हा कंपाइल करताना पुष्कळसे तपशील आपोआप जुळतात. बायनरीत मात्र नोंदीतील रकान्यांची नावे उरत नाहीत, अंतरे उरतात. तारीख आठव्या बाइटपासून सुरू होते, एवढेच तिला ठाऊक असते. लायब्ररीकाराने त्याआधी नवा रकाना घातला, तर जुना प्रोग्राम कसलीही तक्रार न करता भलतीच जागा वाचतो. म्हणून जाणते लायब्ररीकार नोंदीची रचना उघड करत नाहीत. प्रोग्रामच्या हाती केवळ एक बिल्ला देतात आणि आतले काय हवे ते फंक्शनकडून मागून घ्यायला लावतात. जे दाखवलेच नाही, ते बदलण्याची मोकळीक राहते.

पण करारात जे लिहिलेलेच नाही, त्याचे काय? ‘मेमकॉपी’ हे फंक्शन स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवते. दोन्ही जागा एकमेकींवर चढत असतील तर ते वापरू नये, त्यासाठी ‘मेममूव्ह’ आहे, असा सी भाषेचा नियम. २०१० मध्ये मेमकॉपीचा अधिक वेगवान, मजकूर उलट दिशेनेही उतरवणारा अवतार आला आणि फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेयरचा आवाज बिघडला. फ्लॅशने नियम मोडला होता, यात शंका नाही. तरीही, काल चालणारा प्रोग्राम आज बिघडला तर नियमाचे पुस्तक दाखवून वापरणाऱ्याचे समाधान होत नाही, अशी बाजू लिनस टॉरवाल्ड्स यांनी मांडली. लेखकाचा हेतू प्रमाण की वाचकाचा अनुभव, हा आमच्या वर्गातला जुनाच वाद!

२०११ च्या २.१४ या आवृत्तीत जो तोडगा निघाला, तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. मेमकॉपी या एकाच नावाचे दोन पाठ ठेवण्यात आले. जुन्या बायनरीला जुन्या खुणेचा, मेममूव्हसारखा वागणारा पाठ मिळतो. नव्याने जोडलेल्या प्रोग्रामला नवा. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा एक पाठ प्रमाण ठरला. येथे दोन्ही पाठ प्रमाण आहेत, प्रत्येक आपापल्या वाचकापुरता. या खुणांमुळेच लायब्ररीचे अंतर्याम सतत बदलत असूनही बहुतेक यंत्रांवर तिच्या फाइलच्या नावातील ‘६’ हा आकडा १९९७ पासून तसाच आहे. स्थैर्य म्हणजे बदल नाकारणे नव्हे. प्रत्येक बदलाच्या वेळी जुन्या वाचकाची आठवण ठेवणे होय.

अर्थात या निष्ठेलाही मर्यादा आहे. सेकंद मोजणारा ३२-बिट आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. ग्लिबसीने २०२१ मध्ये, २.३४ या आवृत्तीत, ३२-बिट प्रोग्रामांसाठी ६४-बिट वेळेची सोय केली. पण ती कंपाइल करताना मागावी लागते. ज्यांचा सोर्स कोड हरवला, त्यांना ती मागता येणार नाही. लायब्ररी आपला शब्द पाळेल, जुन्या प्रोग्रामला जुनेच उत्तर देऊ पाहील. फक्त त्या उत्तरात मावेल असा काळच शिल्लक उरलेला नसेल.